शॉकशिवाय भागत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छातीत बसवलेल्या आयसीडी, म्हणजे हृदयाची लय धोकादायक बिघडली की शॉक देऊन ती ताळ्यावर आणणाऱ्या छोट्या डब्या, तपासायचं माझं काम. शॉक खाऊन आलेला पेशंट खुर्चीत टेकला की हमखास विचारतो, "मॅडम, याहून सौम्य काही नाही का? घोड्याने लाथ मारावी तसं वाटतं हो."

आहे की! बहुतेकांच्या डबीत ते आधीपासूनच असतं आणि वापरलं गेलं तरी कित्येकांना पत्ता लागत नाही.

हार्ट अटॅकनंतर स्नायूवर वण राहतो. व्हीटीमध्ये, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे भलत्याच वेगाने धडधडतात तेव्हा, बरेचदा विजेची लहर त्या वणाभोवती गोल गोल फिरत बसते. तिच्या वाटेवर स्नायूचा एखादा तुकडा सावरून पुन्हा तयार झालेला असतो. नेमका तिथे बाहेरून एक ठोका घुसवला, की लहरीला पुढे वाट उरत नाही. पडद्यावर जुनी नोंद उघडली की हे स्वच्छ दिसतं: दोन ठोक्यांत 320 मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे मिनिटाला साधारण 188, मग डबीने जरा घाईने, 280च्या अंतराने दिलेले आठ ठोके, क्षणभर सपाट रेष आणि मग नेहमीची लय. मी तारीख-वेळ सांगते, तर पेशंट म्हणतो, "तेव्हा मी झोपलो होतो." याला एटीपी म्हणतात. 2004च्या पेनफ्री-टू चाचणीत वेगवान व्हीटीसुद्धा दहातल्या सात वेळा तरी याने थांबली.

कधी एटीपीने ठोके उलट वाढतात, म्हणून शॉक पाठीशी लागतोच. आणि व्हीएफमध्ये, म्हणजे खालचे कप्पे नुसतेच थरथरतात तेव्हा, लहरी तुटून सैरावैरा धावतात, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. तिथे 35-40 ज्यूलचा शॉकच. जर्मनी-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2011मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर एका मोठ्या शॉकऐवजी पाच हलके स्पंद देऊन पाहिले. ऊर्जा सरासरी 84 टक्के कमी लागली. पण तुमच्या डबीत अजून ते नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे थांबणं. बऱ्याच व्हीटी आपणहून विरतात. 2012च्या मॅडिट-रिट चाचणीत ठोके 200च्या वर गेल्याशिवाय मध्ये न पडणाऱ्या सेटिंगने अनावश्यक उपचार घटले, मृत्यूही घटले. अनावश्यक उपचारांत एटीपीही आली बरं का. अर्थात ज्याची व्हीटी मुळातच 160ची, त्याला हे सेटिंग चालणार नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचारा: माझी डबी किती ठोक्यांना जागी होते, आणि किती वेळ वाट पाहते?