विचारायचे कोणाला

रविवार, रात्री उशिरा

मी माउंट टेलर चढून आले हे कळूनही डोरीन, नाव्हाहो या मूळ अमेरिकी लोकांतली माझी मैत्रीण, काहीच बोलली नाही, हे मला इतके का लागावे, याचा छडा लागल्याशिवाय आज झोप येईल असे दिसत नाही. ती रागावली असती तर मी वाद घातला असता, आणि वादात मी सहसा हरत नाही. तिने फोनवर एवढेच विचारले की वर वारा होता का, आणि मी तिथे सापडलेल्या डब्याचा विषय काढल्यावर "बरं" म्हणून ती स्वतःच्या आईच्या गुडघ्यांविषयी बोलू लागली.

माउंट टेलर काही कुलपात ठेवलेला डोंगर नाही. हवा स्वच्छ असली की न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीतून पश्चिमेला पाहावे आणि तो दिसावा, इतका तो उघडा आहे. ग्रँट्स गावाच्या बाजूने चढणारी गूजबेरी स्प्रिंगची वाट राष्ट्रीय वनाच्या हद्दीत येते. जेमतेम पाच किलोमीटर चालले की ११,३०१ फुटांचे शिखर. नाव्हाहो राष्ट्राच्या स्वतःच्या हद्दीत गोष्ट निराळी आहे, तिथे शिपरॉकच्या सुळक्यावर चढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे मात्र फेब्रुवारीत सायकल, धावणे, स्की आणि बर्फातले जोडे अशी चौरंगी शर्यत थेट माथ्यापर्यंत जाते. मी चोरून गेले नव्हते, हे मी स्वतःलाच का सांगत बसले आहे, ते कळत नाही.

कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसवर शोधून काढायचा, असा एक खेळ आहे; त्यातला हा डबा शिखरावर नव्हता, बराच खाली, अस्पेनच्या झाडीच्या कडेला होता. फोनवरचा बाण शेवटच्या काही पावलांत नेहमीप्रमाणे भरकटू लागला तेव्हा मी फोन खिशात टाकला आणि नुसते पाहत राहिले. एका आडव्या ओंडक्याच्या पोटाशी दगड जरा जास्तच नीटस रचलेले होते. त्यांच्यामागे लष्करी काडतुसांचा जुना हिरवा डबा. त्याची कडी इतकी ताठ झालेली की अंगठ्याला वळ उठला, पण झाकणाच्या रबरी पट्टीने पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नव्हता. प्लास्टिकचा डायनासोर, गंजलेली किल्ल्यांची साखळी, एक कॅनडाचे नाणे, आणि पिशवीत गुंडाळलेली वही. पेन्सिलीचा तुकडा बोटात मावेना, तरी मी नाव देवनागरीतच लिहिले. त्या क्षणी झालेला आनंद खरा होता आणि तो मी नाकारणार नाही. सन २००० च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसवरचा मुद्दाम घातलेला धूसरपणा काढून टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमधल्या एका माणसाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर माणसे हा पोरखेळ खेळत आली आहेत, त्यांतली मी एक.

पण ज्या डोंगराला दगडी सुरीने जमिनीशी पक्के केले आणि पिरोजा रत्नांनी सजवले असे डोरीनचे लोक सांगतात, तो हाच. चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी हा दक्षिणेचा. १८६४ साली ज्यांना अमेरिकी सैन्याने बोस्के रेडोंडोच्या छावणीपर्यंत पायी हाकलत नेले, ते १८६८ च्या तहानंतर परतताना हा डोंगर दिसताच रडले. डोरीनच्या घरातले कोणी वर सहज म्हणून जात नाही. जाणकार जातो, विधीसाठी वनस्पती किंवा माती आणायला, आणि तोही प्रार्थना म्हणत. बाकीच्यांनी खालून पाहायचे.

इथेच माझे गाडे अडते. आमच्याकडे देवी डोंगराच्या माथ्यावर बसते आणि तिच्यापर्यंत धापा टाकत पोहोचणे हीच भक्ती असते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढून नवरात्रात ओटी भरणाऱ्या बायकांना कोणी सांगितले असते की खालूनच हात जोडा, तर त्यांनी ते ऐकले नसते; माझ्या आईने तर नाहीच. म्हणून माउंट टेलरचा माथा दिसू लागला तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले आणि पाय आपोआप वर चालत राहिले, आणि या दोहोंत विसंगती असू शकते हे मला डोरीनच्या "बरं"पर्यंत सुचले नव्हते.

मघाशी मी मनाशी युरेनियमचा युक्तिवादही करून पाहिला. १९५० साली पॅडी मार्टिनेझ या नाव्हाहो मेंढपाळाला ग्रँट्सजवळ पिवळा खडक सापडला आणि मग या डोंगराच्या आसपास जे खाणकाम झाले, त्यापुढे माझा डबा म्हणजे काय? पुन्हा खाणी येणार असे दिसताच नाव्हाहो, अकोमा, लगुना, झुनी आणि होपी हे मूळ अमेरिकी समाज एकत्र आले, २००९ मध्ये डोंगराला राज्याच्या वारसा-यादीत स्थान मिळाले, आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. युक्तिवाद चांगला आहे, फक्त तो कोणी मागितलेला नाही.

या देशात मी येऊन-जाऊन परवानग्याच मागत आले आहे. राहायची, काम करायची, दोन आठवडे आईकडे जाऊन परत आत यायची. बोटांचे ठसे, फोटो, पुन्हा ठसे. आता एका डोंगरासमोरही मी उपरीच ठरावे, असे वाटून संध्याकाळी डोळे भरून आले होते, आणि अनिलने "भूक लागली असेल" असे निदान केले ते पूर्ण चुकीचे नव्हते.

भात खाल्ल्यावर जरा हसू आले. डोरीनच्या पणज्यांना या भूमीवरून हाकलणाऱ्यांनी कागदच दाखवले होते, आणि मी तिच्याकडे कागदच मागते आहे. शिक्का मारून मिळालेला, मुदत लिहिलेला, की ही बाई डोंगरावर गेली होती आणि आमची हरकत नाही. तिच्यापाशी असा शिक्का नाही. तिच्या आईपाशीही नाही.

उद्या जेवणाच्या सुट्टीत ती भेटेल. आईच्या गुडघ्यांचे विचारायचे आहे, तेलाची बाटली द्यायची आहे. डोंगराचे मात्र विचारणार नाही, कारण विचारले तर ती भिडेखातर हो म्हणेल, आणि मी ते खरे धरून बसेन.