खंड नववा आहे, भाग चौथा नाही

मोहोचा मूळ पेपर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. सायटेशन, म्हणजे संदर्भाची ओळ, मात्र सगळ्यांच्या थिसिसमध्ये असतं. पृथ्वीचं कवच संपतं आणि त्याखालचा थर, प्रावरण, सुरू होतो ती सीमा म्हणजे मोहो, शोधणारा आंद्रिया मोहोरोविचिच, साल १९०९, झालं. कुणी १९१० लिहितं. पानांचे आकडे दोन-तीन प्रकारचे दिसतात आणि जर्नलच्या नावाचं तर विचारूच नका, कुठे क्रोएशियन, कुठे जर्मन, कुठे अर्धं हे अर्धं ते. असं दिसलं की आम्ही लायब्ररीवाले समजून जातो, याने त्याचं उचललंय आणि त्याने आणखी कुणाचं.

मी एका संशोधन संस्थेच्या लायब्ररीत भूविज्ञानाचा विभाग बघते. लोकांना वाटतं पुस्तकं देतो-घेतो. ते काम आता फारसं उरलेलं नाही. उरलंय ते असल्या मोडक्या सायटेशनवरून खरी वस्तू जगात कुठल्या कपाटात आहे ते हुडकायचं, आणि भूविज्ञानात हे जरा जास्तच असतं कारण या विषयात जुनं बाद होत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या भूकंपाची नोंद आजच्या मॉडेलला तेवढीच लागते, तो भूकंप परत होणार नसतो ना.

तर मध्यंतरी एक पीएचडीची मुलगी आली. कवचाच्या जाडीवर काम करते. तिच्या गाइडने मसुद्यावर शेरा मारला होता, मूळ लेख पाहिला आहे का, नसेल तर संदर्भ काढून टाका. हे सर एरवी मला कटकटे वाटतात, पण या बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूने.

"मॅम, तो कुठेच नाहीये."

"कुठे कुठे बघितलंस?"

"गूगल स्कॉलर. आणि वर्ल्डकॅट पण बघितलं."

वर्ल्डकॅट हा जगभरच्या लायब्रऱ्यांचा सामायिक कॅटलॉग, आणि 'पण बघितलं' म्हणजे त्याच्या पहिल्या पेटीत आडनाव टाकून एंटर मारलं. त्यावर काय येणार, त्यांच्यावरची पुस्तकं, त्यांच्या नावाने झाग्रेबमध्ये भूभौतिकी संस्था आहे तिचे अंक. लेख कसा येईल? तो काही पुस्तक म्हणून निघालेला नाही. वेधशाळेच्या वार्षिक अहवालात छापलेला आहे, आणि कॅटलॉगला डबा माहीत असतो, आत काय भरलंय ते माहीत नसतं. ही एवढी गोष्ट संशोधकांना एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सांगितली पाहिजे असं माझं म्हणणं आहे, पण आमच्याकडे 'कॅटलॉग कसा शोधावा' हे सत्र बंद करून त्या जागी एक व्हिडिओ ठेवलाय, तो कुणी बघत नाही.

सोपं काम आधी उरकलं. त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर झाग्रेबच्याच 'गेओफिझिका' या जर्नलने १९९२ साली छापलंय, ते तिला काढून दिलं. मुलगी खूश. सर नाहीत. भाषांतर समजून घ्यायला वापरा म्हणाले, पण भूकंपलाटांच्या पोचण्याच्या वेळा मूळ तक्त्यांशी ताडून बघा. बरोबरच आहे. त्या लेखाचा सगळा जीव त्या वेळांमध्येच आहे. ८ ऑक्टोबर १९०९ ला झाग्रेबच्या आग्नेयेला कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला, वेगवेगळ्या ठिकाणच्या वेधशाळांकडून नोंदी मागवून मोहोरोविचिचने पोचण्याच्या वेळा अंतराप्रमाणे मांडल्या तर प्राथमिक लाट एक नाही, दोन दिसायला लागल्या. जवळच्या केंद्रांवर कवचातून सरळ येणारी आधी पोचते, पण लांबच्या केंद्रांवर खाली जाऊन वेगवान थरातून आलेली तिला मागे टाकते. त्यावरून त्याने सीमा ५४ किलोमीटरवर काढली. हाताने आकडेमोड करून. एक आकडा इकडचा तिकडे छापला गेला तर चालणार नाही अशी ही वस्तू.

मग मूळ डबा शोधायचा. आता इथे मला मजा येते हे कबूल करते, वाचणाऱ्याला येईलच असं नाही.

पहिलं म्हणजे गावाचं नाव. १९०९ मध्ये झाग्रेब ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि जर्मनमध्ये त्याला आग्राम म्हणत. वार्षिक अहवालाला क्रोएशियन नाव आहे आणि जर्मन नावही आहे, त्यामुळे एका लायब्ररीने एका नावाखाली नोंद केली, दुसरीने दुसऱ्या, आणि तिसरीने तर लेखक म्हणून 'वेधशाळा, आग्राम' असं धरलं, जे जुन्या नियमांप्रमाणे चूकही नाही. दुसरं म्हणजे साल. अहवाल १९०९ या वर्षाचा, छापला १९१० मध्ये. साल-फिल्टर लावून बसलात तर निम्मे कॅटलॉग तुम्हाला काही दाखवणार नाहीत. मी साल कधीच टाकत नाही पहिल्या फेरीत.

तिसरं म्हणजे त्या आडनावातले दोन 'च'. शेवटी दोन वेगळी अक्षरं आहेत, एकाच्या डोक्यावर उलटी टोपी आणि दुसऱ्याच्या डोक्यावर नुसती तिरकी रेघ. कॅटलॉगच्या नोंदी संगणकात साठवायच्या जुन्या मार्क-८ पद्धतीत ही खूण अक्षराच्या आधी साठवायचे, युनिकोडमध्ये सुटी खूण अक्षराच्या नंतर येते, शिवाय खुणेसकट एकच तयार अक्षरही युनिकोडमध्ये आहेच. नोंदी एका पद्धतीतून दुसरीत गेल्या तेव्हा काही ठिकाणी नीट गेल्या, काही ठिकाणी खूण शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली, काही ठिकाणी चौकोन उरला. पडद्यावर नाव शंभर टक्के बरोबर दिसत असतं आणि तरी शोध शून्य देतो, कारण यंत्राच्या दृष्टीने तुम्ही टाइप केलेलं आणि त्याच्याकडचं ही दोन वेगळी नावं. चांगला कॅटलॉग दोन्ही सारखं करून घेतो. सगळे चांगले नसतात. म्हणून मी आडनावाचा खुणा नसलेला सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि त्यानंतर तारांकन टाकायचं, म्हणजे पुढची अक्षरं काहीही असली तरी चालतात, आणि तेही बघून, कारण कुठे तारांकन चालतं, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे डॉलर, प्रत्येकाचं हेल्प पान उघडून बघावं लागतं.

मग केव्हीके. कार्ल्सरूहेचा व्हर्च्युअल कॅटलॉग, १९९६ पासून चालू आहे, आणि माझ्या मते या धंद्यातल्या सगळ्यात प्रामाणिक गोष्टींपैकी एक. त्याच्या स्वतःकडे एकही नोंद नाही. तुमचा प्रश्न घेतो आणि तुम्ही टिक केलेल्या सगळ्या कॅटलॉगना त्याच क्षणी विचारतो, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स, जो उत्तर देईल त्याचं उत्तर मांडतो. पण यात एक गोम आहे, एखादा कॅटलॉग वेळेत बोलला नाही तर तिथे टाइमआउट येतं, आणि लोक ते 'शून्य निकाल' म्हणून वाचतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकात लायब्ररी 'नाही' म्हणते, दुसऱ्यात तिने फोनच उचललेला नसतो. मी मुलीला शेजारी बसवून हे दाखवलं, जो कॅटलॉग गप्प होता तो वेगळा उघडून थेट विचारला, आणि अहवाल जर्मन नावाखाली तिथे निघाला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग नेमका कुठला अंक कुणाकडे आहे ते बघायला झेडडीबी, जर्मनीचा नियतकालिकांचा सामायिक कॅटलॉग. त्यात अंकांची नोंद फार काटेकोर असते, कुणाकडे कुठपासून कुठपर्यंत अंक आहेत, मध्ये कुठले गहाळ, सगळं एका ओळीत. १९०९ चा अहवाल म्हणजे नववं वर्ष. एका मोठ्या लायब्ररीच्या ओळीत नववं वर्ष होतं, गहाळ यादीत नव्हतं. आम्ही स्कॅनची मागणी पाठवली. उत्तर आलं, सभ्य, दोन ओळींचं: खंड नववा आहे, भाग चौथा आमच्या प्रतीत बांधलेला नाही.

इथेच खरी गाठ होती. लेख नवव्या वर्षाच्या चौथ्या भागाच्या पहिल्या अर्धात आहे. अहवाल तुकड्यातुकड्यांनी निघायचा, तुकडे टपालाने जायचे, आणि जे पोचले ते बाइंडरने शिवले. कॅटलॉग करणाऱ्याने पाठीवर '९' बघितलं आणि '९' लिहिलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, रोज टेबलावर ढीग पडलेला असतो. पण झालं असं की शंभर वर्षं ती ओळ सांगत राहिली की वस्तू इथे आहे.

सरांना सांगितलं तर म्हणाले, डिजिटल कॉपी असेल ना कुठे, आजकाल सगळं असतं. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकतर हाथीट्रस्टसारख्या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहात त्या काळातली परदेशी प्रकाशनं बऱ्याचदा अमेरिकेत बसलेल्याला पूर्ण उघडतात आणि बाहेरच्याला फक्त शब्द कुठल्या पानावर आहे एवढं कळतं. दुसरं, घाऊक स्कॅनिंगमध्ये घडीचे नकाशे आणि घडीचे आलेख घडीतच स्कॅन केलेले असतात. भूविज्ञानाचं पुस्तक, त्यातला नकाशा मिटलेला, पाठकोरी बाजू दिसते आणि वर कुणाचा तरी अंगठा. खिशातले नकाशे तर कुणी बाहेरच काढत नाही. आणि याला आपण 'उपलब्ध' म्हणतो.

मग मी उलट बाजूने गेले. त्या काळी वेधशाळा आणि भूसर्वेक्षणं आपापले अहवाल एकमेकांना पाठवत असत, विकत घेण्यापेक्षा ही अदलाबदलच जास्त. म्हणजे वस्तू मोठ्या राष्ट्रीय लायब्ररीत नसेल पण एखाद्या छोट्या भूवैज्ञानिक संग्रहात असू शकते, जिथे सुट्या पुस्तिका विषयवार गोळा करून एकत्र बांधतात. असे संग्रह मोठ्या सामायिक कॅटलॉगमध्ये येतातच असं नाही, आले तर जुन्या कार्डावरून घाईने टाइप केलेले असतात. मी लेखक सोडला, अहवाल सोडला, आणि शीर्षकात फक्त जर्मनमधला 'बेबेन' म्हणजे भूकंप हा शब्द आणि प्रकाशनस्थळ आग्राम एवढंच घेऊन एकेक छोटा कॅटलॉग थेट उघडत गेले, मधल्या कुठल्याही सर्च इंजिनशिवाय. संध्याकाळी एका ठिकाणी एक नोंद आली. शीर्षक अर्धवट, लेखकाचं आडनाव शेवटची दोन अक्षरं गाळून, साल नाही, आणि खाली टीप: इतर पुस्तिकांसोबत बांधलेले.

त्या नोंदीकडे बघून मला खात्री होती असं म्हणणार नाही. पण आग्राममध्ये भूकंपावर जर्मनमध्ये लिहिणारं आणि 'मोहो'ने सुरू होणारं दुसरं कोण असणार.

ईमेल लिहिली. अशा ईमेलची एक पद्धत असते, सगळी माहिती पहिल्या तीन ओळींत, त्यांच्याच कॅटलॉगमधला नोंद क्रमांक, शेल्फमार्क म्हणजे कपाटातला जागा-क्रमांक जसाच्या तसा, आणि नेमकी कुठली पानं. 'माझा विद्यार्थी संशोधन करत आहे' वगैरे शेवटी. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सोबत मुखपृष्ठाचा फोनवर काढलेला फोटो: भाग चौथा, पहिला अर्ध. लेखक १९३६ साली गेले आहेत, सत्तर वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे कॉपीराइटची अडचण नव्हती, पूर्ण स्कॅन आलं, आलेख नीट उलगडून. तिथल्या बाईंनी आपणहून लिहिलं की ही नोंद दुरुस्त करते, तुमच्यामुळे कळलं.

मुलीने वेळा ताडल्या. सरांनी शेरा खोडला.

मला मात्र ती पहिल्या लायब्ररीची ओळ अजून छळते. ती अजून तशीच आहे, नववं वर्ष आहे म्हणून सांगणारी. मी त्यांना कळवलं, त्यांनी आभार मानले, बदल झालेला नाही. आमच्या संस्थेत तर आता वरून फर्मान आहे की सगळे शोध एकाच पेटीतून झाले पाहिजेत, प्रगत शोधाची लिंक पानाच्या तळाशी नेऊन ठेवली आहे, आणि त्या पेटीत 'ऑनलाइन उपलब्ध' हा फिल्टर आधीपासून लावलेला असतो. ज्या कंपनीने ते विकलं तिच्या माणसाला मी विचारलं होतं की छापील नियतकालिकाचा सुटा भाग यात कसा शोधायचा. त्याने वहीत लिहून घेतलं.

काही आठवड्यांनी बाईंची दुरुस्ती त्यांच्या कॅटलॉगमध्ये चढली. पूर्ण शीर्षक, दोन्ही 'च' जागच्या जागी, साल १९१०, आणि कुठल्या अहवालातला कुठला भाग त्याचा दुवा. मुलीने आडनाव टाकून बघितलं, पहिलाच निकाल. म्हणाली, "मॅम, हे तर लगेच येतंय की."

आता सरांना भूकंपशास्त्रज्ञ कॉनराडचा १९२५ चा लेख हवाय, २८ नोव्हेंबर १९२३ च्या ऑस्ट्रियातल्या टाउर्न भूकंपावरचा, ज्यावरून कवचातली ती मधली कॉनराड सीमा आली. व्हिएन्नाच्या भूकंप आयोगाच्या मालिकेत, अंक ५९. पण हा ५९ नव्या मालिकेतला आहे, म्हणजे अंक पुन्हा एकपासून मोजलेले, आणि मिळालेल्या पहिल्या दोन नोंदींत 'नवी मालिका' हे शब्दच नाहीत.