पाच माणसांना विचारून काय कळतंय ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा जुनाच. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून येतो, अनगोळच्या भाजीवाल्याकडून येतो, सख्ख्या मामाकडून तर दर गणपतीला येतो. "फोनवरचं ॲप लोकांना जमतंय का बघायचं, हे तुझं काम. बरं. किती लोकांना विचारतेस?" मी म्हणते, पाच-सहा. मामा वरणाची वाटी खाली ठेवतात. "पाच? आमच्या गल्लीतच पाचशे घरं हायत की!"

एका क्रेडिट सोसायटीच्या खजिनदारांनी हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारला होता. "मॅडम, सभासद हजारांत आहेत. पाच जणांच्या मागे कशाला पैसे घालवायचे? गूगल फॉर्म पाठवून देऊया, दोन दिवसांत चारशे उत्तरं येतील." येतीलही. त्यातली साडेतीनशे "छान आहे" अशी असतील.

निवडणुकीत कोण निवडून येणार हे सांगायचं असेल, तर पाच माणसं म्हणजे थट्टाच. किती टक्के लोकांना काय हवंय, असल्या प्रश्नांनाही पाच पुरत नाहीत. पण घराची एक पायरी निसटती आहे का, हे कळायला गावजेवण घालावं लागत नाही. पहिला पाहुणा घसरला, तिसराही तिथंच घसरला, की गवंड्याला बोलवायचं. किती टक्के पाहुणे घसरतात ते मोजत कुणी बसत नाही. माझं निम्मं काम या पायरीचं आहे. माणसाला एक काम द्यायचं, फोन त्याच्या हातात द्यायचा, आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग, विशेषतः बेळगावच्या माणसाला.

पाच हा आकडा मी काढलेला नाही. जेकब नीलसन आणि टॉमस लँडॉवर या आमच्या क्षेत्रातल्या दोन अभ्यासकांनी १९९३ साली अशा बऱ्याच चाचण्या तपासून एक हिशेब मांडला. एखादी अडचण एका माणसाच्या वाट्याला येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के निघाली. म्हणजे ती पहिल्याच्या नजरेतून निसटण्याची शक्यता ६९ टक्के. दुसऱ्याच्याही नजरेतून निसटायची तर ६९ चे ६९ टक्के. असं पाच वेळा करत गेलं की निसटण्याची शक्यता १६ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे अशा शंभर अडचणींतल्या ८४ सापडल्या, सोळा राहिल्या. २००० साली नीलसननी हेच सोप्या भाषेत लिहिलं आणि 'पाच पुरे' हे आमच्या धंद्यातलं सुभाषित होऊन बसलं.

सुभाषितांचं होतं तेच याचं झालं, पुढची ओळ कुणी वाचली नाही. ३१ टक्के ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण असेल तर तोच हिशेब करून बघा, पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्के, अर्ध्याहूनही कमी. लॉरा फॉकनर या संशोधक बाईंनी २००३ साली साठ जणांची चाचणी घेतली आणि त्यांतून पाच-पाचांचे गट पुन्हा पुन्हा उचलून पाहिले. एखाद्या गटाला ९९ टक्के अडचणी सापडल्या होत्या, एखाद्याला फक्त ५५. आपल्या हाती कुठले पाच लागले, हे त्या पाचांकडे बघून कळत नाही.

मला ते पैसे मोजून कळलं. पैसे सोसायटीचे होते, लाज माझी.

काम पिग्मीचं होतं, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचं. पिग्मी आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको. एजंट रोज दुकानात येणार, पन्नास-शंभर घेणार, पावती देणार. १९२८ साली तिकडे उडुपीला, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं ही योजना सुरू केली, दिवसाला दोन आण्यांपासून. आज खडेबाजारात सकाळी अकराला उभं राहा, एजंट ओळखायला वेळ लागत नाही. या सोसायटीला ॲप काढायचं होतं, सभासदाला आपला हिशेब आपणच बघता यावा म्हणून.

मी पाच जण गोळा केले. पाचही टिळकवाडीतले, ओळखीपाळखीतून आलेले. एक निवृत्त बँक कारकून, एक इंजिनिअरिंगची मुलगी, एक मेडिकलवाले, दोन शिक्षिका. काम दिलं, "तुमचे आजवर किती पैसे भरून झाले ते शोधा." सगळ्यांनी अर्ध्या मिनिटात शोधलं. कारकूनकाकांनी तर रंगसंगतीबद्दल सूचनाही केली. मी एक पानाचा अहवाल दिला, सगळं आलबेल.

ॲप सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच एजंटांकडून तक्रारी यायला लागल्या. बाजारातली माणसं त्यांच्याशी भांडत होती, पैसे देऊनसुद्धा बाकी कशी काय दाखवतंय म्हणून.

गणपत गल्लीच्या तोंडाशी मेथी-कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या शेजारी मी रिकाम्या क्रेटवर बसले. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की पुन्हा सुरू. मावशींनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "शिल्लक. तीन हजार चारशे." मग फोन पोत्यावर पालथा घातला.

"एवढे अजून भरायचे राहिले व्हय? रोज देते की ओ मी त्याला."

मी विचारलं, "शिल्लक म्हणजे काय, मावशी?"

मावशींनी माझ्याकडे, कुठल्या शाळेत होतीस, अशा नजरेनं बघितलं. "शिल्लक म्हणजे उरलेलं. सांजच्याला मेथी शिल्लक ऱ्हाती, तसं."

पासबुक भरणाऱ्या माणसाला शिल्लक म्हणजे खात्यातले पैसे. बाजारात बसणाऱ्या बाईला शिल्लक म्हणजे न खपलेला माल, नाहीतर न फिटलेलं देणं. दोन्ही अर्थ शुद्ध मराठी. त्या दिवशी बाजारात मी पाच जणींशी बोलले, तिघींनी मावशींसारखंच वाचलं. टिळकवाडीतून आणखी पन्नास माणसं आणली असती तरी हे कळलं नसतं. आकडा पाचच राहिला होता, मी चुकीच्या दारात उभी होते. नीलसननीच लिहून ठेवलंय, वापरणारे दोन वेगळ्या जातकुळीचे असतील तर दोन्हीकडून तीन-चार घ्या. मी ती ओळ वाचलेली होती.

मावशींकडून आणखी एक गोष्ट कळली, जी मी विचारलीच नव्हती. एजंटच्या मशीनमधून येणाऱ्या पावत्या त्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवत. त्या कागदावर उष्णतेनं अक्षर उमटतं आणि उष्णतेनंच उडतं. उन्हात बसणाऱ्या बाईकडे महिन्याभरानं उरतात कोऱ्या पट्ट्या. म्हणून त्या घरच्या कॅलेंडरवर, पैसे दिले त्या तारखेच्या चौकटीत फुली मारत. डबा उघडून दाखवला नसता तर मला हे कधीच कळलं नसतं. 'हिशेब कसा ठेवता?' या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, "ठेवत न्हाई."

म्हणून मी 'कसं करता' किंवा 'वापराल का' असं विचारणं सोडून दिलंय. "असं ॲप आलं तर वापराल का?" याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, दारात आलेल्याला पाणी विचारावं तसं हो म्हणतात. त्याऐवजी विचारते, "काल एजंट आला तेव्हा काय झालं?" आणि पुढे, "दाखवता का?" या दोन प्रश्नांवर माझं घर चालतं म्हटलं तरी चालेल.

आपल्या माणसाचा भिडस्तपणा ही या कामातली खरी अडचण. पुस्तकी पद्धत सांगते की माणसाला काम करता करता मनातलं मोठ्यानं बोलायला सांगा. आमच्याकडे तसं सांगितलं की माणूस आधी खाकरतो, मग 'चांगलं हाय' म्हणतो आणि घाम पुसतो. त्याला वाटतं त्याचीच परीक्षा आहे. ही अडचण माझ्या एकटीची नाही. याच कामातल्या अपला लाहिरी-चव्हाण यांनी भारतातल्या चाचण्यांसाठी 'बॉलिवूड पद्धत' काढली. कोरडं काम द्यायच्या ऐवजी हिंदी सिनेमासारखा प्रसंग रचायचा. भाचीचं लग्न भलत्याच माणसाशी ठरलंय, तिला वाचवायला तातडीनं तिकीट काढायचंय, आता काढा. माणूस प्रसंगात शिरला की भीड गळून पडते आणि तिकीट निघालं नाही तर तो थेट ॲपला शिव्या देतो. मी ते करून पाहिलंय. आमच्या मेडिकलवाल्यांनी भाचीच्या सासरची चौकशीच जास्त केली.

मला जमलेला उपाय साधा आहे. दोघींना एकत्र बसवायचं आणि फोन एकच द्यायचा. जावा-जावा, शेजारणी, मायलेकी, कुणीही. मग मोठ्यानं विचार करा म्हणून सांगावं लागत नाही. "अगं तिथं नको दाबूस." "का गं?" "पैसे जातील." एवढ्या तीन वाक्यांत मला हवं ते सगळं आलेलं असतं. शिवाय सुरुवातीला मी सांगते, हे मी बनवलेलं नाही, बनवणारा बेंगळुरूला आहे, त्याला काही ऐकू जात नाही.

भाषेचा विषय निघणारच, तर तोही. आपल्या भागात "तुमची भाषा कुठली?" हा साधा प्रश्न नाही. विचारला की समोरचा सावध होतो. ही शिरगणती आहे, का कुठल्या बाजूची माणसं मोजायला आलीय ही? मी तो प्रश्न विचारतच नाही. "फोन दाखवता का?" म्हणते. बोलणं मराठी, घरी आलेला कागद कन्नड, फोन इंग्रजीत, हे तिन्ही एकाच हातात दिसतं. खानापूरकडच्या एका आजोबांना गाव निवडायच्या यादीत आपला जिल्हाच सापडेना. ते इंग्रजीत 'बेल' लिहून पुढे 'जी' दाबत होते आणि यादी रिकामी होत होती. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावच्या सरकारी स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'ए' आला. आजोबांच्या सगळ्या कागदांवर जुनं स्पेलिंग आणि बोटांतही जुनंच. दोन्ही स्पेलिंगं चालतील अशी सोय करायला प्रोग्रामरला फार वेळ लागत नाही. पण ती हवी आहे, हे त्याला बेंगळुरूत बसून सुचणार कसं?

खजिनदारांचा पुढचा प्रश्न असतो, मग दहाच घ्या की, एकदाच काय ते होऊन जाईल. तर नाही. दहा जण एकदम घेतले तर दहाही त्याच पायरीवर पडतात. पाच घ्यायचे, पायरी दुरुस्त करायची, मग नवे पाच. पहिली पायरी नीट झाल्याशिवाय दुसरी निसटती आहे हे कळतच नाही, कारण तिथपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं. पिग्मीच्या ॲपमध्ये 'शिल्लक' काढून 'जमा' घातलं. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी आकडा बरोबर वाचला आणि मग दिसलं, की मागच्या महिन्याचा हिशेब कुठे असतो ते एकालाही सापडत नाही. मी मावशींचं कॅलेंडर सुचवलं, तारखांच्या चौकटी आणि पैसे भरले त्या दिवशी फुली. कमिटीला ते पोरकट वाटलं. यादीच राहिली.

आता त्याच सोसायटीच्या निपाणीच्या सभासदांकडे जातेय. तिथं विड्या वळणाऱ्या बायका आहेत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे हात थांबवणं म्हणजे पैसे थांबवणं. परवा गेले तेव्हा एक ताई मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरत होत्या. फोन त्यांच्या सातवीतल्या मुलाच्या हातात. त्या सांगतात, तो दाबतो. तो वाचून दाखवतो, त्या मान डोलावतात. मध्येच त्यानं एक आकडा चुकीचा वाचला, तर हात न थांबवता त्या म्हणाल्या, "नीट बघ, शनवारचे धरले न्हाईत." खातं त्यांचं, बोटं त्याची. पाचांच्या यादीत हे दोघं मिळून एक धरायचं की दोन, ते अजून माझं ठरलेलं नाही.