दुमडायचं शिल्प, हात लावायचं शिल्प

ब्राझीलच्या कलाकार लिजिया क्लार्क यांनी १९६० च्या सुमारास बिजागऱ्यांनी जोडलेल्या धातूच्या पत्र्यांची शिल्पं केली. प्रेक्षक दुमडेल तसा आकार बदलतो. सांगलीत शाळेच्या प्रदर्शनासाठी असं शिल्प नक्की करून बघावं.

ॲल्युमिनियमचा पत्रा दीड मिलिमीटरचा घ्या, त्याहून पातळ असला तर पोरांच्या हातात वाकतो. फूटभर चौरस कर्णावर कापला की दोन त्रिकोण. असे सहा पुरेत. टोकं गोल करा, कडा कानशीने घासा आणि बोट फिरवून खात्री करा. यात अजिबात घाई नको. बिजागरीला स्क्रू नकोत, पातळ पत्र्यात आटा धरत नाही. रिव्हेटच (भोकातून घालून टोक चेपायची बिनआट्याची खिळी) मारा, पण बेताने: जोरात ठोकलं की बिजागरी चेपते, सांधा अडतो.

१९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत अमेरिकन कलाकार रॉबर्ट मॉरिस यांचं, प्रेक्षकांनी वस्तूंवर चढायचं, त्या लोटायच्या असं प्रदर्शन चारच दिवसांत बंद करावं लागलं, कारण माणसांना दुखापती झाल्या. म्हणून सांधे रोज तपासा.

आपल्याकडची मोठी माणसं वस्तूला हात लावायला बिचकतात. उंच चौथरा टाळा, शिल्प बुटक्या टेबलावर अर्धवट दुमडून ठेवा आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा: ‘उचला, दुमडा’.