लोणार सरोवर: धारेवरून उतरायचं, ऊन चढायच्या आत वर यायचं

लोणारला पोचल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: सध्या पाणी कुठपर्यंत आहे? गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी बरीच चढली आहे. कमळजादेवीच्या देवळात पाणी शिरलं आहे आणि काठालगतची जुनी पायवाट जागोजागी बुडाली आहे. त्यामुळे जुन्या वर्णनांच्या भरवशावर निघू नका. ‘काठाकाठाने पूर्ण फेरी’ असं कोणी लिहिलं असेल, तर ते पाणी कमी असतानाचं आहे असं समजा. वनखात्याच्या चौकीवर किंवा धारेजवळच्या (गोमुखाच्या झऱ्याजवळच्या) फुलं-नारळवाल्यांकडे चौकशी केली की त्या आठवड्याची परिस्थिती कळते.

नागपूरकडून येणाऱ्यांनी समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरावं, तिथून सुलतानपूरमार्गे लोणार. मुक्काम आदल्या रात्रीच गाठलेला बरा, कारण ही वाट सकाळची आहे. साडेसहाला पायऱ्यांवर पाय पडला, तर अकराच्या आत वर येता येतं. उन्हाळ्यात याहून उशीर म्हणजे हाल. सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली साधारण 135 ते 150 मीटर, आणि कडा सगळीकडून चढलेल्या. कढईच्या तळाला असतो तसा प्रकार आहे हा: वर वारा असतो, खाली पानही हलत नाही. शिवाय चढण शेवटी येते, म्हणजे पाय आणि पाणी दोन्ही संपत आलेलं असतानाच. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि त्यातलं एक लिटर परतीच्या चढाला राखून ठेवा. सरोवराचं पाणी पिण्याजोगं नाही.

उतरायला धारेची, म्हणजे गोमुखाची बाजू उत्तम. इथली गोड्या पाण्याची धार बारमाही आहे. खाली दगडी पायऱ्या, पुढे पायवाट, मध्ये जुनी देवळं. पावसाळ्यात या दगडांवर शेवाळ धरतं. उतरताना घसरणारे बहुतेक जण चपलेवर आलेले असतात. खाचांचा तळ असलेले बूट हवेत. देवळांच्या गाभाऱ्यात वटवाघळं आहेत, बॅटरी आणि नाकाला रुमाल दोन्ही लागतात. वानरांना पिशवी ओळखता येते, शेव-चिवडा हातात घेऊन चालू नये.

खाली झाडीतून पाणी दिसायच्या आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. गाळात कुजणाऱ्या शेवाळाचा तो वायू आहे. दहा मिनिटांत नाक सरावतं. घसरण्याइतकाच जपायचा आहे तो काठचा चिखल. वर पांढुरकी पापडी सुकलेली असते, जमीन टणक वाटते, आणि एका पावलात पोटरीपर्यंत काळा गाळ. काठी पुढे टोचून बघा, बोटभर आत गेली तर मागे फिरा. ही पापडी क्षारांची आहे. सरोवरातून पाणी बाहेर जायला ओढा-नदी नाही, जातं ते फक्त वाफ होऊन, आणि क्षार मागे राहतात. पूर्वी हे क्षार गोळा करून विकले जात. त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती.

पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) दहाच्या आसपास असतो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. तो बघायला प्रयोगशाळा नको. घरून हळद कालवून कोऱ्या कागदावर फासा, वाळवा, घडी करून खिशात ठेवा. काठावर त्यावर दोन थेंब टाकले की पिवळा कागद लालसर-तपकिरी होतो. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तेच हे. छोटं लोहचुंबक दोरीला बांधून कोरड्या मातीत फिरवलं तर काळे कण चिकटून येतात. बेसॉल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या ज्वालामुखी खडकात, लोहखनिज असतंच, उल्केचे तुकडे सापडले म्हणून नाचू नये. आणि ते कण घरी न्यायचे नाहीत, हे अभयारण्य आहे.

उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेली विवरं जगात मोजकीच आहेत. लोणारचं वय मात्र पद्धतीप्रमाणे बदलतं: एका मोजणीत सुमारे 52 हजार वर्षं, दुसरीत 5.7 लाख. मार्गदर्शक कोणताही आकडा सांगो, हुज्जत घालू नका. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव माजले, एवढंच कारण. तो रंग बघायला येणाऱ्यांची निराशा होते, एरवी पाणी हिरवं असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं.

कमळजेकडे वाट खुली असेल तर तिथपर्यंत जाऊन या. जवळच सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. पाणी चढलेलं असेल तेव्हा ती दिसत नाही, तिच्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरणं शहाणपणाचं नाही. वाट बंद असेल तर खाली तासभर थांबून धारेनेच परता आणि उरलेला वेळ विवराच्या कडेवर घालवा. पूर्ण कडेची फेरी सहाएक किलोमीटरची, पण सावली तुटक. काही जण एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) निवासासमोरच्या वाटेने वर येतात. ती वाट खरी, पण गाडी धारेला ठेवली असेल तर वरून पुन्हा चालावं लागतं.

एकट्याने उतरू नये, अंधारापर्यंत थांबू नये. बिबट्याचा वावर आहे.

वर आल्यावर गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश बघायला अर्धा तास द्या. त्याआधी बूट गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर सुकल्यावर कातड्यावर पांढरे नकाशे उमटतात आणि ते पॉलिशने जात नाहीत.