केशरी एक, बाकी जांभळी

जून संपत आला की शिकागोच्या आसपासच्या नर्सऱ्यांत कोनफ्लॉवर या फुलझाडाच्या टेबलापाशी साडीच्या दुकानासारखं होतं. लाल, केशरी, लिंबू पिवळा, पांढरा, अगदी पोपटीसुद्धा. एक कुंडी हातात घ्यावी तर शेजारची जास्त बरी वाटते. 'शायेन स्पिरिट' या वाणाची गंमत और. एकाच नावाच्या बियांतून लाल, पिवळी, केशरी, जांभळी अशी कुठलीही रोपं निघतात, त्यामुळे ती कळीत नाही, फुललेलीच विकत घ्यावीत.

या फुलाचा मूळ रंग जांभळट गुलाबी. प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या गवताळ माळरानातल्या, उंच गवतात, कुणी पाणी न घालता वाढणारं हे झाड. जंगली जातींत पिवळी एकच, ओझार्कच्या डोंगराळ भागातली 'पॅराडॉक्सा'. तिचा आणि जांभळीचा संकर करून इथल्याच शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये जिम ऑल्ट यांनी केशरी 'मेडोब्राइट' काढली. मग रोपं तयार करणाऱ्या सगळ्यांचीच भीड चेपली.

उन्हाळ्यात आई इथे असली की नर्सरीत तीही येते, आणि सरळ केशरीकडे वळते. झेंडूची सवय! फुलाच्या मधल्या काटेरी बोंडावरून बोट फिरवून विचारते, "टोचतंय की गं. देवाला चालतं का हे?" मी म्हणते, चालेल. "मग दसऱ्याला तोरण होईल." दसऱ्यापर्यंत त्याची काळी वाळकी बोंडंच उरतात, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

तिला डबल प्रकारही फार आवडतात, भरगच्च, गोंड्यासारखे. तिथे मात्र मी अडून बसते. खरी फुलं असतात त्या बोंडातच, शेकडो बारीक, कडेकडून आत उमलत जाणारी. भोवतालच्या पाकळ्या वांझ. डबलमध्ये त्या बारीक फुलांच्याच पाकळ्या केलेल्या, मग मधमाशीने जायचं कुठे? डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटर या वनस्पती उद्यानाने कितीतरी वाण शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा डबलकडे कीटक फारसे फिरकलेच नाहीत. बिचारी दिसायला छान, पण आमच्या परसात तिला काम नाही.

दुसरी परीक्षा थंडीची. खरं तर थंडीपेक्षा चिखलाची. आमच्याकडची माती चिकण, मार्चमध्ये बर्फ वितळलं की पाणी दिवसच्या दिवस साचून राहतं, आणि नाजूक संकरांची मुळं त्यात कुजतात. म्हणून मागच्या सखल पट्ट्यासाठी मी 'मॅग्नस' घेते. 1998 साली अमेरिकेत 'वर्षातलं बहुवर्षायू झाड' ठरलेला हा वाण. रंग जुनाच, पाकळ्या मात्र खाली न लोंबता आडव्या पसरलेल्या. वाळलेली बोंडं मी कापत नाही. सप्टेंबरात पिवळे गोल्डफिंच पक्षी त्यांवर उलटेसुलटे लटकून बिया काढून खातात.

केशरी एकच घेतली. ड्राइव्हवेच्या कडेला उतार आहे, तिथे पाणी थांबत नाही, तिथे लावेन. पहिल्या वर्षी मुळं धरावीत म्हणून तिची फुलं मात्र खुडावी लागणार. खुडलेली देव्हाऱ्यात ठेवली तर आईची हरकत नसावी.