तळ्याला रक्त फुटलं म्हणाले, तो दिवस

संकेश्वरच्या बाजूचं एक गावतळं मार्चअखेर गुलाबी झालं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या आठवड्यात तिथल्या लोकांना बघ्यांचा भरपूर ताप झालाय. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं ते माहेर. तिचा फोन आला: "मॅडम, तळ्याला रक्त फुटलंय म्हणायलेत सगळे. लक्ष्मीची यात्रा तोंडावर आलीया. तुम्ही येऊन बघा की."

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि गोड्या पाण्यातल्या जिवाणूंवर काम करते. राकसकोप, मार्कंडेय नदी, हिडकलचा फुगवटा, सगळीकडचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत येऊन गेलंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचे लॅबमामा आणि मी बर्फाचा डबा, बाटल्या नि रसायनांची पेटी घेऊन महामार्गाला लागलो.

तळं दिसायच्या आधी वास आला, नासक्या अंड्याचा. काठाला गुडघाभर पाण्यात जांभळट-गुलाबी थर तरंगत होता, मधे पाणी हिरवट. म्हशींनी जिथं तुडवलं होतं तिथं खालून काळाकुट्ट चिखल वर आला होता. काठावर पन्नासेक माणसं आणि वातावरण तापलेलं. पंचायतीच्या एका सदस्याच्या हातात पाणी तपासायची छोटी बाटली होती, आतलं पाणी शाईसारखं काळं. "सांडपाणी मिसळलंय, हा पुरावा," असं म्हणत ते वरच्या अंगाच्या वस्तीकडं बोट दाखवत होते. त्या वस्तीतल्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या. मला ते बघवलं नाही.

ती बाटली मला चांगली माहीत आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत मांजा आणि सहकाऱ्यांनी पाण्यात मैला मिसळलाय का ते बघायची ही चाचणी बसवली आणि 1982 साली प्रसिद्ध केली. आतल्या कागदाच्या पट्टीला पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार लावलेला असतो. आतड्यातल्या जिवाणूंबरोबर सापडणारे काही जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. वीज नको, इन्क्युबेटर नको. खेड्यासाठी फार मोलाची चीज आहे. पण जिवाणू वाढायला वेळ लागतो, म्हणून बाटली एक-दोन दिवस ठेवायची असते.

मी त्यांना विचारलं, "भाऊ, पाणी ओतल्यावर किती वेळानं काळी झाली?"

"किती वेळ कशाला मॅडम? ओतली आणि झाली की!"

तिथंच उलगडा झाला. पाच मिनिटांत कुठलेच जिवाणू एवढे वाढत नाहीत. तळ्याच्या पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड भरलेला होता, त्यानं थेट लोहाला गाठलं. अशा पाण्यात ही बाटली मैल्याबद्दल काहीच सांगू शकत नाही, वस्तीबद्दल तर नाहीच नाही. मी लेड ॲसिटेटचा कागद ओला करून ताज्या नमुन्याच्या बाटलीच्या तोंडावर धरला. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तपकिरी आणि मग काळा झाला. पट्टी नाही, जिवाणूंना वाढायला वेळ नाही, तरी काळा. मग मामांनी विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणी लावली. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातल्यावर चांगल्या पाण्यात तपकिरी साका बसतो. इथं तळाजवळच्या पाण्यात तो पांढरटच राहिला. ऑक्सिजन जवळपास संपलेला. "म्हणून मासे सकाळी तोंड वर काढायलेत होय," मागून एक आजोबा म्हणाले. सदस्यांनी हातातली बाटली खिशात टाकली. वाद संपला नाही, पण आवाज खाली आले.

नमुना घ्यायची पद्धत इथं फार महत्त्वाची. ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही त्यांना नेहमीसारखं अर्ध्या बाटलीत हिंदकळत आणलं, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सगळं चित्र बदलतं. बाटली पाण्याखालीच भरायची, गळ्यापर्यंत, हवेचा बुडबुडा न ठेवता, आणि काळ्या कापडात गुंडाळायची. एक वाटा फॉर्मॅलिन घालून मोजणीसाठी, एक वाटा जिवंत, एक डीएनएसाठी. वरचा थर वेगळा, तळाजवळचं पाणी वेगळं, चिखल वेगळा. एकाच तळ्यात वीतभर खाली गेलं की रहिवासी बदलतात.

बेळगावात पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. जेवण बाजूला ठेवून आधी जिवंत थेंब काचपट्टीवर घेतला, कारण हे काम उद्यावर टाकण्यातलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फुगीर, लांबट पेशी, फिकट गुलाबी, आणि प्रत्येकीच्या पोटात राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे चकाकणारे कण. ते गंधक. पेशी पोहत होत्या. मी उजेडाचा ठिपका अगदी लहान केला आणि पट्टी न हलवता थांबले. थोड्या वेळानं त्या ठिपक्यात गर्दी झाली. अंधाराच्या कडेला आलेली पेशी थबकून मागं फिरायची. एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं 1883 मध्ये गुलाबी जिवाणूंचं हेच वागणं नोंदवलं होतं. मामांनी डोळा लावला आणि म्हणाले, "मॅडम, ही उजेड सोडून जाईनात की!" इतकी वर्षं ते माझ्याबरोबर काचपट्ट्या धुतायत, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बघत बसले.

डोळ्यांना दिसलं तरी पक्कं करायला हवं होतं. गाळ खाली बसवून त्यातलं रंगद्रव्य अंधारात मिथेनॉलमध्ये उतरवलं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर चढवलं. शेवाळाचं हरितद्रव्य साधारण 665 नॅनोमीटरला शिखर देतं. आमच्या नमुन्यात तिथं छोटं टेकाड होतं आणि खरं शिखर 770 च्या आसपास. ते जिवाणूंच्या हरितद्रव्याचं, बॅक्टेरिओक्लोरोफिल ए चं. म्हणजे जांभळे गंधक-जिवाणू. हे सूर्यप्रकाशावर जगतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणून यांच्या प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन निघत नाही, गंधक निघतं.

संध्याकाळीच मी गावात फोन केला. रक्त नाही, कोप नाही. पण यात्रेत तळ्यात आंघोळ नको, जनावरंही सोडू नका, आणि त्या काळ्या बाटलीवरून कुणावर आळ घेऊ नका. पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, कन्नड आणि मराठीत फलक लावला, यात्रेला टँकर मागवले.

त्याच दिवशी जिवाणू वाढवायच्या प्लेटाही ओतल्या होत्या, नेहमीच्या पोषक अगारच्या आणि कमी अन्नाच्या आर-टू-ए अगारच्या. गोड्या पाण्यातल्या जिवाणूंना कमी अन्नाची सवय असते, म्हणून दुसरी प्लेट मंद आचेवर, म्हणजे खोलीच्या तापमानाला, आठवडाभर ठेवायची. वसाहती आल्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक-दोन पसरणाऱ्या. गुलाबी एकही नाही! आख्खं तळं ज्यांनी रंगवलं ते प्लेटवर शून्य. हवेत ठेवलेल्या अगारवर ते वाढणार तरी कसे? साध्या तळ्याच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंच्या सुमारे दहा लाख पेशी असतात आणि त्यातल्या शंभरात एकही सहसा नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही. स्टेली आणि कोनोप्का यांनी 1985 मध्ये या तफावतीकडं जगाचं लक्ष वेधलं. मी वर्गात हे दरवर्षी शिकवते, पण इतका ढळढळीत दाखला हाती कधी आला नव्हता.

मैल्याच्या जिवाणूंसाठी लॅक्टोजची परीक्षानलिका-चाचणी लावली. ई. कोलाय निघाले, ईएमबी अगारवर हिरवी धातूसारखी झाक घेऊन. ते म्हशींचे की माणसांचे, हे या चाचणीतून कळत नाही, आणि मी अहवालात तसंच लिहिलं.

गंधक आलं कुठून? तळ्याच्या वरच्या अंगाला एक गुऱ्हाळ आहे. हंगामात काहिलीचं धुणं आणि मळी ओघळीतून खाली येते. रसाचा रंग उजळायला वापरतात त्या हायड्रॉसमध्येही गंधक असतं. साखर कुजताना ऑक्सिजन संपतो, मग चिखलातले सल्फेट-क्षपणक जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, आणि उन्हात आटलेल्या उथळ पाण्यात गुलाबी मंडळींना जेवण आणि उजेड दोन्ही मिळतं. गुऱ्हाळाच्या मालकांशी मी स्वतः बोलले. माणूस समजूतदार, त्यांनी ओघळ अडवून खड्डा मारला.

डीएनएनं दमवलं. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून पेलाभर पाणी जेमतेम उतरलं आणि ती तुंबली. निघालेला डीएनए चहासारखा, कुजक्या पाल्यातली ह्युमिक आम्लं घेऊन. ही आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया, अडवतात. दहापट पातळ केल्यावर पट्टा आला. जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या 16एस आरएनए या रेणूच्या जनुकाचा तुकडा वाचायला पुण्याला पाठवला. याच रेणूच्या आधारावर 1977 मध्ये कार्ल वूझ यांनी जीवसृष्टीची मांडणी बदलली. अहवालात क्रोमॅटिएसी हे जांभळ्या गंधक-जिवाणूंचं कुळ होतं, ते अपेक्षितच. सल्फेट-क्षपणकही होते. पण त्याबरोबर हिरवे गंधक-जिवाणू निघाले, जे तळाजवळच्या नमुन्यात मी शेवाळ समजून सोडून देऊ शकले असते इतके लहान आणि साधे दिसतात. बऱ्याच ओळींपुढं तर फक्त 'अवर्गीकृत'. तरी अहवालातली टक्केवारी म्हणजे तळ्यातली शिरगणती नव्हे. कुणाच्या पेशीत या जनुकाची एक प्रत, कुणात दहाच्या वर, आणि मेलेल्यांचा डीएनएही मोजला जातो. म्हणून नुसता सिक्वेन्सिंगचा अहवाल घेऊन येणाऱ्या मुलांना मी आधी विचारते, थेंब बघितला होता का?

आता चिखलाचा विनोग्राड्स्की स्तंभ, म्हणजे ज्यात जिवाणू आपापल्या थरात वाढतात असा चिखल-पाण्याचा उभा स्तंभ, खिडकीत उभा केलाय. कागदाचे कपटे, अंड्याचा बलक आणि सल्फेटसाठी फळ्यावरचा खडू, जो हल्ली जिप्समचाच असतो. संध्याकाळी जुना पिवळा बल्ब लावतो. एलईडी उपयोगाचा नाही, त्यात या जिवाणूंना लागणारा अवरक्त प्रकाश नसतो. महिन्याभरात गुलाबी पट्टा आला आणि त्याच्या खाली हिरवा. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी त्यातून शुद्ध वाढ काढायला बसलीय. दसऱ्यानंतर तळं भरलं की त्याच जागांवरून पुन्हा पाणी घ्यायचं ठरलंय, आणि गावची पोरं बाटल्या पाण्याखाली भरायला आत्तापासून शिकलीत.